र आणि व यांच्यामधली जागा

मुक्ता आणि निशांत,

मुक्ताने पाठवलेली फाइल मी कॉलेज रोडच्या दुकानातून छापून आणली. फोनवर अक्षरं बोटांनी ताणून मोठी करत बसण्यापेक्षा मला कागद बरा वाटतो, आणि कागदावर लाल पेन चालतं. अकरा पानं आहेत. पहिल्या पानावर फाँटचं नाव आहे, 'बापू रेग्युलर'. बापू आणि रेग्युलर हे दोन शब्द असे शेजारी पाहून मला हसू आलं, कारण माझ्या वडिलांच्या आयुष्यात रेग्युलर म्हणावा असा फक्त सकाळचा पहिला चहा होता. पुढच्या पानांवर हा फाँट कुठे कुठे शोभेल ते दाखवलं आहे: द्राक्षांचं खोकं, दिंडोरीकडच्या वाइनच्या बाटलीचं लेबल, बारशाची पत्रिका, मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि नवव्या पानावर एका कॅफेचं मेन्यू कार्ड. त्या कार्डावर दुसऱ्या ओळीत मुक्ताने 'रवा डोसा' लिहिलं आहे. मी ते 'खा डोसा' असं वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तरी 'खा डोसा'च.

फाइलबरोबर मुक्ताचा निरोप होता: "आजी, पाटीवरच्या 'रवा'मध्ये र आणि व यांच्यामधली वरची रेघ तुटली आहे. तिथला रंग उडालाय ना? मी ती फाँटमध्ये जोडून घेतली. चालेल?" याचं उत्तर एका शब्दात देता येईल. पण तो शब्द तुला पटायला हवा, आणि त्यासाठी हे प्रकरण मी तुमच्यासाठी लिहायच्या बाकीच्या आठवणींच्या आधी लिहायला घेतलं आहे. पुढच्या महिन्यात फाँट बाहेर पडेल. मग तो कोणाकोणाच्या कॉम्प्युटरवर जाईल, कोण त्यात काय लिहील, कोणालाच सांगता येणार नाही. त्याआधी, दुकानाच्या ज्या जुन्या पाटीवरून मुक्ताने हा फाँट काढला, ती कोणी रंगवली हे तुम्हाला कळलं पाहिजे. तिच्या कोपऱ्यात बापूंची सही आहे, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. आणि कोणी विचारलं नाही, म्हणून मीही इतकी वर्षं सांगितलं नाही. फाँटला त्यांचं नाव ठेवायचं की नाही, हे वाचून झाल्यावर मुक्ताने ठरवावं. तुम्हा दोघांना मराठी सावकाश वाचता येतं हे मला माहीत आहे. सावकाशच वाचा.

मखमलाबाद नाक्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे एक ओटा. आतल्या खोलीत आई, मी आणि चूल. बाहेरच्या खोलीत बापू आणि त्यांचे रंग. अशी वाटणी बोलायला होती. प्रत्यक्षात रंग सगळीकडे होते. तांदळाच्या डब्याशेजारी टर्पेंटाइनची बाटली असे आणि आई दोन्हींची झाकणं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधून ठेवी. सकाळी मला जाग यायची ती रंगाच्या डब्याचं झाकण स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्याच्या आवाजाने. मग काडीने रंग ढवळल्याचा जाड, संथ आवाज. आतून त्याच वेळी भाकरी थापल्याचा आवाज येई. बापू जेवायला बसले की बाजरीच्या भाकरीला ऑइल पेंटचा वास लागे, आणि आई म्हणे, "अहो, एवढे हात धुता, मग वास जातो कुठं?" बापू भाकरी नाकाशी धरून म्हणत, "हा वास नाही, मसाला आहे." उन्हाळ्यात शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी, द्राक्षं निघाली की एखाद्या बागायतदाराने खुशीने दिलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली द्राक्षं. त्या द्राक्षांवरचा पांढरा धुरकट थर बापू बोटाने पुसून बघत आणि म्हणत, असा मॅट रंग डब्यात मिळाला तर काय बहार येईल.

बापू दुकानांच्या पाट्या रंगवत. नाशकात तेव्हा पाट्या रंगवणारे पुष्कळ होते, पण बापूंकडे लोक एका खास अक्षरासाठी येत. त्याला बापूंनी नाव ठेवलं होतं, गप्पांचं अक्षर. त्यांच्याकडे दोनच प्रकारची अक्षरं होती, एक ताठ आणि एक गप्पांचं. ताठ अक्षर पट्टी लावून, वरखाली खडूच्या दोरीच्या रेघा मारून, मोजून काढलेलं. गप्पांचं अक्षर म्हणजे घरातल्या माणसाने कोळशाने भिंतीवर सहज लिहून ठेवावं तसं: थोडं कललेलं, एखादी वेलांटी लांबलेली, शिरोरेषा कुठे जाड कुठे बारीक, काना जमिनीला टेकायच्या आधीच थांबलेला. बघणाऱ्याला वाटावं की पाच मिनिटांत उरकलंय. त्यासाठी बापू आधी दोन दिवस वर्तमानपत्रांवर तोच शब्द पन्नास वेळा लिहीत. आमची रद्दी कोणी घेत नसे. सगळ्या बातम्यांवर 'सायकल दुरुस्ती' लिहिलेलं असे.

मुक्ता, तुझ्या दहाव्या पानावर तू लिहिलं आहेस की हा फाँट पत्रिका, पॅकिंग आणि मेन्यूसाठी चांगला, पण मोठ्या मजकुरासाठी किंवा सरकारी फॉर्मसाठी वापरू नये. हे वाचून मी थक्क झाले, कारण बापूंची हीच यादी होती आणि ती त्यांनी कुठे लिहून ठेवलेली नव्हती. दवाखान्याला गप्पांचं अक्षर नाही. वकिलाला नाही, पतपेढीला नाही. लाडवाला चालेल, सायकलीला, फुलवाल्याला, न्हाव्याला चालेल. एका दातांच्या डॉक्टरांनी फार आग्रह धरला, तर बापू त्यांना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या अक्षरात दात उपटणार म्हटलं तर लोकांना वाटेल तुम्ही गप्पा मारता मारता उपटता." ओझरच्या कॉलनीत ते दाढी-कटिंगच्या दुकानाची पाटी रंगवायला गेले होते तेव्हा डोक्यावरून विमान गेलं. त्याच्या पोटावरचे आकडे त्यांनी मान मोडेपर्यंत पाहिले. घरी येऊन सांगितलं, "ताठ अक्षर होतं. बरोबरच आहे. विमानावर माझं अक्षर काढलं तर आत बसायला कोण धजेल?" मला हे कुतूहल तेव्हापासून आहे आणि आजही त्याचं उत्तर मिळालेलं नाही, की एकच शब्द एका वळणात विश्वासाचा वाटतो आणि दुसऱ्या वळणात जिव्हाळ्याचा, तर ते आपल्याला कोणी शिकवलेलं असतं?

पाटी तयार झाली की बापूंची एक परीक्षा असे. पाटी ओट्यावर भिंतीला टेकवून उभी करायची आणि रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्या कोणालाही न थांबवता ओरडून विचारायचं, "काय लिहिलंय?" त्याने पायडल न थांबवता बरोबर वाचलं तरच पाटी पास. मी वाचलेलं ते धरत नसत. म्हणत, "शाले, तू रद्दीवर पन्नास वेळा वाचलंयस. तुझे डोळे आता बिनकामाचे."

मी तेव्हा इंग्रजी शाळेत दहावीत होते. आमच्या नाक्यावरून त्या शाळेत जाणारी मी एकटीच, आणि त्याचा आईला फार अभिमान होता. शाळेत हस्ताक्षराचा वेगळा तास असे. चार रेघांच्या वहीत अक्षराला अक्षर जोडून इंग्रजी लिहायचं, आणि आमच्या मिस सांगत की शब्दातली अक्षरं हात धरून चालली पाहिजेत. मध्ये पेन उचललं की त्या टेबलावर पट्टी आपटत. मला ते फार आवडे. माझ्या वह्या वर्गात फिरवत. घरी येऊन बापूंची रद्दीवरची अक्षरं पाहिली की मला वाटे, हे किती विस्कटलेलं, किती सैल! एकदा मी त्यांना तसं म्हणालेसुद्धा. ते रागावले नाहीत. माझी वही मागून घेतली, उलटी सुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "छान आहे गं. सगळी एका रांगेत शाळेला चाललीयत." मला ती स्तुती वाटली होती.

आता ताराबाई. त्या चांदवडकडच्या. नवरा गेल्यावर नाशकात भावाकडे आल्या होत्या, आणि डोक्यावर टोपली घेऊन घरोघर लाडू-चिवडा विकत. आमच्या ओट्यावर टेकून पाणी प्यायच्या आणि बापूंना विचारायच्या, "बापूभाऊ, मला दुकान झालं तर पाटी करशाल ना?" बापू म्हणत, "तुम्ही दुकान करा, अक्षर माझं." हे बोलणं तीनेक वर्षं चाललं होतं. मग दिंडोरी नाक्यावर त्यांना खरोखर एक गाळा मिळाला. अक्षय्य तृतीयेला दुकान उघडायचं ठरलं आणि ताराबाई पत्र्याची कोरी पाटी स्वतः डोक्यावर घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी पाटीवर काय हवं ते त्यांनी ओळीने सांगितलं: वर ताराबाई, मध्ये मोठ्ठं रवा लाडू, खाली बेसन लाडू, चिवडा, शेव. "आन कोपऱ्यात तुमची ती शेपटीवाली सही," त्या म्हणाल्या. "ती पायजेच. सही बघून लोक म्हनतील, बाईनं बापूभाऊकडनं पाटी केली." बापूंची सही म्हणजे 'बापू', आणि पू चा ऊकार मागे वळवून सगळ्या नावाखालून ओढलेला. नाक्यानाक्यावर ती शेपटी होती. वाचता न येणाऱ्यांनाही ती ओळखू येई.

पाटीला पिवळा रंग देऊन झाला आणि दुसऱ्या दिवशी बापू सायकलवरून पडले. आयुष्यभर शिडीवर चढलेला माणूस, पडला सायकलवरून, आणि तोही म्हसरूळच्या रस्त्यावर दुसऱ्या कोणाची तरी पाटी वाचता वाचता. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर घालून ते घरी आले तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "दुखतंय का?" आणि बापूंनी उत्तर दिलं, "तो ज्ञ चुकीचा होता." रात्री जेवताना मात्र डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडता येईना, तेव्हा त्यांनी ताट आईकडे सरकवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाड जुळेल, पण मनगट पहिल्यासारखं फिरेल का हे प्लॅस्टर काढल्यावरच कळेल. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आईला ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आईने मला.

अक्षय्य तृतीया चार दिवसांवर होती. आई म्हणाली, "ताराबाईला सांगून टाका. ती दुसऱ्याकडून करून घेईल." बापू नुसते कोऱ्या पिवळ्या पाटीकडे बघत होते. "तीन वर्षं शब्द दिलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "शाले, तुझी सुट्टी आहे ना?" मला वाटलं पाणी आणायला सांगतात. "ब्रश घे," ते म्हणाले.

पहिले दोन दिवस मी रद्दीवर लिहिलं. बापू शेजारी बसून बघत आणि सांगत. ब्रश पेनासारखा धरू नकोस, उदबत्तीसारखा धर. काना ओढताना श्वास सोड. सगळ्या अक्षरांना सारखं वजन देऊ नकोस. एखाद्याला जरा आळस करू दे. मला आळस जमत नव्हता. माझ्या हाताला शाळेची शिस्त लागली होती. पण तिसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी सैल झालं आणि लाडूचा ल असा वळला की बापू प्लॅस्टरसकट पुढे झुकले. "हा माझा ल आहे," ते म्हणाले. "कुठून आणलास?" त्या क्षणाइतका आनंद मला पुढे कोणत्याही परीक्षेच्या निकालाने दिला नाही. मग ते उठून ओट्यावर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. म्हणाले, "मी बघत राहिलो तर तुझा हात आखडेल. झालं की हाक मार."

पाटी खोलीत जमिनीवर आडवी होती. विटकरी लाल रंग. डाव्या हातात मनगट टेकवायची काठी, उजव्यात ब्रश, आणि मी दुपारपर्यंत उठले नाही. ताराबाई लिहिलं. बेसन लाडू, चिवडा, शेव लिहिलं. मधली मोठी ओळ शेवटी ठेवली होती, कारण तोवर हात तापेल असं बापूंनी सांगितलं होतं. हात तापला होताच. र ची तिरकी शेपटी मी अशी मोकळी सोडली की ती आपोआप व च्या पोटाला जाऊन भिडली, आणि मला वाटलं, वा! दोघांनी हात धरले! मिस असत्या तर पाठ थोपटली असती. वरून एक सलग, जाड शिरोरेषा ओढली आणि बापूंना हाक मारली.

खोली एवढीशी, पाटी पायाशी. बापूंनी अगदी जवळून पाहिलं, एकेका अक्षराजवळ वाकून. "चांगलं झालंय," ते म्हणाले. ताराबाई संध्याकाळीच पाटी न्यायला येणार होत्या, रंग जेमतेम वाळत होता, म्हणून पाटी उभी केली नाही. सायकलवाल्याची परीक्षा राहून गेली.

"सही?" मी विचारलं.

"माझी नको. मी कुठे रंगवलीय?"

"मग?"

"तुझी घाल."

मी ब्रश धुवायला घेतला. खरं सांगायचं तर दिंडोरी नाक्यावरून माझ्या वर्गातल्या दोन मुली रोज जात. त्यांनी 'शालिनी' वाचावं आणि मी पाटीवाल्याची मुलगी आहे हे शाळाभर व्हावं, हे मला नको होतं. बापूंना मी म्हणाले, "जागा नाहीये." जागा होती. कोपरा सगळा मोकळा होता. ताराबाईंच्या भावाने पाटी नेली, आणि मी नखांतला लाल रंग काढत बसले. तो आठवडाभर निघाला नाही.

दुकान उघडल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ताराबाई आमच्या ओट्यावर हजर. कमरेवर हात.

"बापूभाऊ, सही कुठंय?"

"राहिली."

"राहिली कशी? आन दुसरं. तुम्ही काय लिवलंय तिथं? परवापासनं बघते, जो येतो तो हसतो. म्हनतो, ताराबाई, खा लाडू. मी म्हनते तुम्हीच खा. मला वाटलं नवं दुकान, लोकं खुशीत हायेत. काल एक बाई म्हनली, अर्धा किलो खा लाडू द्या. म्हटलं खा लाडू कंचा? तर पाटीकडं बोट! म्हनली तुमच्याच दुकानावर लिवलंय."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. आतून तिचं हसू ऐकू येत होतं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याच क्षणी समजले. र ची शेपटी व ला जोडली, वरून सलग रेघ ओढली, की रवा राहत नाही, खा होतं. पहिली-दुसरीच्या मुलांना सांगतात ते. मी पाटीवर रवा लाडू लिहिले नव्हते, येणाऱ्या-जाणाऱ्याला लाडू खाण्याचा हुकूम सोडला होता. आणि लोक हसत होते ते बापूंना, कारण नाक्यावर सगळ्यांना माहीत होतं की पाटी बापूंची. मला रडू फुटलं. "मी रंगवलीय," मी ताराबाईंना म्हणाले. "बापूंनी नाही. त्यांचा हात..."

ताराबाईंनी प्लॅस्टरकडे पाहिलं, जणू इतका वेळ ते त्यांना दिसलंच नव्हतं. "अगं माझे बाई," त्या म्हणाल्या. मग बापूंना, "मग आधी सांगायचं ना. मी काय पाटी परत मागितली असती?"

"मागितली असती," बापू म्हणाले.

ताराबाईंनी विचार केला. "मागितली असती," त्या म्हणाल्या.

आम्ही चौघंही रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन दिंडोरी नाक्यावर चालत गेलो. बापूंनी वाटेत थांबून रस्त्याच्या पलीकडून पाटी पाहिली. चार दिवसांत पहिल्यांदाच ती त्यांना लांबून दिसत होती. ते हसायला लागले. "लय ठासून सांगितलंस गं," ते म्हणाले. मी तिथेच घट्ट ठरवलं की व पुसून सगळी ओळ पुन्हा काढायची. बापूंनी मान हलवली. "नको. तुझा ल बिघडेल." पिवळ्या रंगाचा डबा संपला होता. त्यांनी दुसऱ्या डब्यातला पिवळा घेतला, थोडा पांढरा घातला, आणि आईला काडीने ढवळायला लावला. मग स्टुलावर चढले. आईने मागून त्यांचा सदरा घट्ट धरला. डाव्या हातात ब्रश. हात मोडण्याआधी मी त्यांना डाव्या हाताने कधी चमचाही धरताना पाहिलं नव्हतं. त्यांनी श्वास सोडला आणि र आणि व यांच्यामधून, शिरोरेषेपासून खाली शेपटीपर्यंत, पिवळ्याचा एकच उभा फटकारा मारला. शिरोरेषा तुटली, शेपटी तुटली, दोन अक्षरं वेगळी झाली. बोटाच्या पेराएवढी जागा, वर जरा रुंद, खाली निमुळती. बस्स. खाली उतरून ते रस्त्याच्या कडेला गेले. भाजीची हातगाडी घेऊन एक माणूस चालला होता.

"भाऊ, काय लिहिलंय?"

"रवा लाडू," तो न थांबता म्हणाला. मग थांबून, "का हो? संपले का?"

ताराबाईंनी त्याला एक लाडू दिला. आम्हालाही दिले. मला अजून आठवतं, त्यात वेलची जरा जास्त होती. बापूंनी लाडू संपवला, हात झटकला आणि मला म्हणाले, "आता सही घाल."

"कोणाची?"

"माझी. आता हात लागलाय माझा."

मी स्टुलावर चढले आणि कोपऱ्यात 'बापू' लिहिलं, शेपटी मागे वळवून शेवटपर्यंत ओढली. माझं नाव घालायची दुसरी संधी मला कोणी दिली नाही, आणि मी मागितलीही नाही. आज मागितली असती असं म्हणणं सोपं आहे.

प्लॅस्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण मनगट वळताना एका जागी अडायचं. बापूंनी ओट्याच्या भिंतीवर खडूने एक क काढला, पुसला, पुन्हा काढला. आठवडाभर काढत होते. मग पट्टी आणि खडूची दोरी बाहेर काढली आणि त्यानंतर त्यांनी फक्त ताठ अक्षरच काढलं. ते त्यांना जमत असे, कारण ताठ अक्षराला मनगट लागत नाही. सहज वाटणारं अक्षर काढायलाच सगळं मनगट लागतं. पुढची वीस वर्षं त्यांनी दवाखाने, वकील आणि पतपेढ्यांच्या पाट्या केल्या, आणि लोक म्हणायचे, बापू वयाबरोबर गंभीर झाले. गप्पांच्या अक्षरातली त्यांची शेवटची पाटी कोणती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला शिकवता का, हेही विचारलं नाही. माझं कॉलेज सुरू झालं होतं. मी पुढे तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं आणि फळ्यावरच्या माझ्या अक्षराचं सगळे कौतुक करत. सगळी एका रांगेत शाळेला चाललेली अक्षरं.

बापूंच्या जुन्या पाट्या एकेक करून गेल्या. काहींवर दुसरा रंग चढला, काही पत्र्याच्या भावात गेल्या, उरलेल्यांवर फ्लेक्स लागले. ताराबाईंच्या नातवाने दुकानाचं तोंड बदललं तेव्हा तो पाटी घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "आजीनं सांगून ठेवलं होतं, बापूंची पाटी टाकायची नाय." मी ती ठेवून घेतली आणि त्याला काही सांगितलं नाही. मग तू आलीस, मुक्ता, आणि बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडमागे तिला पाहून तासभर फोटो काढत बसलीस.

तेव्हा आता तुझी अकरा पानं. त्या पाटीवर सहीतला प धरून मोजून अकरा व्यंजनं आहेत. त्यावरून बाकीची सगळी तू बांधलीस, आणि मी लाल पेन घेऊन बसले तरी ठ आणि ज्ञ सोडून मला कुठे खूण करावीशी वाटली नाही. ज्ञ बापूंनी नक्की पास केला नसता. ख पाटीवर नव्हताच. तो तू र आणि व जोडून काढलास, तो छान आहे. पण 'रवा'मधली रेघ तू जोडलीस आणि मी दहावीत केलेली चूक जशीच्या तशी पुन्हा झाली, ती नवव्या पानावर आहे. तुला ते ठिकाण रंग उडाल्यासारखं दिसलं, कारण तिथला पिवळा वेगळ्या डब्यातला आहे आणि उन्हाने वेगळा फिकटला आहे. रंग उडालेला नाही. चढवलेला आहे. ती रेघ जोडू नकोस. नावाचं मी काही म्हणत नाही.

पाटी अजून बाल्कनीत आहे, स्टँडमागून काढून मी ती भिंतीला लावून घेतली आहे. एका कोपऱ्याला गंज आहे. त्यावरची सगळी अक्षरं माझी आहेत आणि सहीसुद्धा माझ्या हातची आहे. र आणि व यांच्यामधली पिवळी जागा बापूंची आहे, आणि ती शाबूत आहे.